सकाळच्या बातम्या आणि वाऱ्याची दिशा

न्यूयॉर्कमधील एका स्टुडिओत १४ जानेवारी १९५२ रोजी, सोमवारी, सकाळी सात वाजता कॅमेरा सुरू झाला आणि डेव्ह गॅरोवे नावाच्या चष्मा लावणाऱ्या, संथ बोलणाऱ्या निवेदकाने प्रेक्षकांचे स्वागत केले. एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी कंपनीचा ‘टुडे’ हा कार्यक्रम त्या दिवशी सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. तोपर्यंत दूरचित्रवाणी ही मुख्यतः संध्याकाळी, कामे आटोपल्यावर बघायची गोष्ट होती. सकाळ रेडिओची आणि वर्तमानपत्राची होती. एनबीसीतील अधिकारी सिल्व्हेस्टर ‘पॅट’ वीव्हर यांनी ही वाटणी मोडायचे ठरवले, तेव्हा साहजिकच प्रश्न उभा राहिला की, आंघोळ, न्याहारी, मुलांची शाळा आणि कामावर जाण्याची घाई यांत अडकलेला माणूस पडद्यासमोर बसणार तरी कधी? कार्यक्रमाची सुरुवातीची परीक्षणे मुळीच चांगली नव्हती.

या प्रश्नाला त्या मंडळींनी जे उत्तर दिले, त्यामुळे मला या इतिहासात रस वाटतो. माणूस बसणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरले. ठळक बातम्या ठराविक अंतराने पुन्हा सांगायच्या, वेळ वारंवार सांगायची आणि हवामान कधीही चुकवायचे नाही, अशी बांधणी त्यांनी केली. त्यामुळे कोणी मध्येच आले आणि मध्येच उठून गेले तरी त्याच्या पदरात काहीतरी पडेच. स्टुडिओत जगातील निरनिराळ्या शहरांची वेळ दाखवणारी घड्याळे होती. कार्यक्रम अमेरिकेच्या पूर्वेकडील आणि मधल्या अशा दोन वेळांच्या प्रदेशांत दिसत असल्यामुळे न्यूयॉर्कमध्ये तो रोज तीन तास चाले, परंतु प्रत्येक प्रदेशातील प्रेक्षकाला त्यातील दोनच तास दिसत. रस्त्याच्या बाजूला मोठी काच होती आणि बाहेर उभे राहून आत डोकावणारे लोक घरोघरी दिसत असत. गॅरोवे स्वतः रेडिओवर घडलेले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. श्रोत्याचे हात कामात असतात आणि कान तेवढे मोकळे असतात, हे रेडिओवाल्याला शिकवावे लागत नाही.

त्या कार्यक्रमातील हवामानाचा भाग तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. वॉशिंग्टनमधील हवामान खात्याच्या तज्ज्ञाशी गॅरोवे फोनवर बोलत आणि पलीकडून जे सांगितले जाई, ते अमेरिकेच्या मोठ्या नकाशावर खडूने काढत. इथे पाऊस, तिथे बर्फ, इथून थंड हवा सरकते आहे, असे तोंडाने बोलत आणि हाताने रेघा ओढत तो भाग पुढे जाई. उपग्रह नव्हते, संगणकाची चित्रे नव्हती. पण ज्याला पडदा दिसत होता त्याला रेघ कळत होती आणि ज्याची पाठ पडद्याकडे होती त्याला बोलणे कळत होते.

आमच्या घरी, दापोली तालुक्यात समुद्राजवळच्या गावात, दूरचित्रवाणी संच पडवीत होता आणि चूल मागच्या बाजूला. भाकऱ्या भाजता भाजता आईला पडदा दिसणे शक्यच नव्हते. आवाज मात्र माजघरातून सरळ तिच्यापर्यंत जाई. त्यामुळे बातम्या ऐकणारी आमच्या घरातील सर्वांत पक्की श्रोती तीच होती. शेजारचे होडी चालवणारे तांडेल बंदराकडे निघताना आमच्या अंगणातून जात आणि बाहेरूनच विचारत, “वहिनी, वाऱ्याचं काय बोलतायत?” आई तव्यावरची भाकरी उलटत उत्तर देई. मंत्रिमंडळात काय झाले, हे त्या वेळी कोणी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही. होडी पाण्यात लोटायची की नाही, मासळी वाळत घालायची की झाकून ठेवायची, आंब्याच्या मोहोरावर मळभ येणार की ऊन पडणार, हे सकाळचे प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे सकाळीच हवी होती.

‘टुडे’ची पुढची कहाणी मात्र या सरळ मार्गाने गेली नाही. प्रेक्षक वाढावेत म्हणून १९५३ मध्ये जे. फ्रेड मग्ज नावाचे चिंपांझीचे पिल्लू गॅरोवे यांच्या शेजारी आणून बसवण्यात आले. लहान मुले ते बघायला थांबली, मुलांमागे आईवडील थांबले आणि कार्यक्रमाला जाहिराती मिळू लागल्या. त्याच वर्षी २ जून रोजी राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या प्रसारणातही हे चिंपांझी पडद्यावर आले आणि ब्रिटनमध्ये संताप उसळला. जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी देशात येऊ द्यावी की नाही, याची चर्चा तिकडे त्या काळात चालूच होती. विरोधकांच्या हाती आयतेच उदाहरण सापडले. करमणुकीने कार्यक्रम तगवला हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आज सात दशकांनंतर त्या पहिल्या वर्षांतील शिकण्यासारखे काय, असे मला कोणी विचारले तर मी खडूच्या नकाशाकडेच बोट दाखवीन.

याच कार्यक्रमाच्या इतिहासातील आणखी एक गोष्ट सोडून पुढे जाववत नाही. बार्बरा वॉल्टर्स १९६१ मध्ये लेखिका म्हणून तेथे आल्या आणि पुढे पडद्यावर दिसू लागल्या. तरीही फ्रँक मॅगी मुख्य निवेदक असताना स्टुडिओतील महत्त्वाच्या मुलाखतीत पहिले तीन प्रश्न मॅगी यांनीच विचारायचे आणि त्यानंतर वॉल्टर्स यांनी बोलायचे, असा दंडक होता. सहनिवेदक हे पद त्यांना अधिकृतपणे मिळाले ते १९७४ मध्ये, मॅगी यांच्या निधनानंतर. सकाळी घरात जागे राहून ऐकणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असताना त्यांच्यापैकी एकीला तो प्रश्न आधी विचारू द्यायला दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

ब्रिटनला सकाळची दूरचित्रवाणी उशिरा मिळाली. बीबीसीचा ‘ब्रेकफास्ट टाइम’ १७ जानेवारी १९८३ रोजी सुरू झाला आणि फ्रँक बॉफ व सेलिना स्कॉट हे निवेदक सोफ्यावर बसून सहजपणे बोलू लागले. दोनच आठवड्यांत, १ फेब्रुवारीला, टीव्ही-एएम ही खासगी कंपनी नामवंत पत्रकारांची फळी आणि गंभीर विवेचनाचा निर्धार घेऊन उतरली, परंतु प्रेक्षक सोफ्याकडेच राहिले.

आपल्याकडे दूरदर्शनचे सकाळचे प्रसारण २३ फेब्रुवारी १९८७ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू होते, १९८२ मध्ये रंग आले होते, पण सकाळ मोकळीच होती. नवे प्रसारण दिल्लीहून येई, हिंदी आणि इंग्रजीतून. कोकणातल्या डोंगराआडच्या वाड्यांत ते स्वच्छ दिसावे म्हणून कौलांवर चढून अँटेना फिरवावा लागे. मराठी माणसाची सकाळ त्यानंतरही बराच काळ आकाशवाणीच्याच ताब्यात राहिली. सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागत आणि सुधा नरवणे यांचा स्वच्छ, ठाम आवाज घरोघरच्या स्वयंपाकघरांत पोहोचे. त्या बातमीपत्रात एकही शब्द फुकट जात नसे.

पुढे २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ या वाहिन्या आल्या आणि मराठी बातम्यांना दिवसरात्रीचे बंधन उरले नाही. मात्र चोवीस तासांच्या या प्रवाहात सकाळ आपले वेगळेपण गमावून बसली, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रीचा वाद सकाळी पुन्हा दाखवला जातो. महत्त्वाचा मजकूर पडद्याच्या तळाशी सरकत्या पट्टीत असतो आणि तो वाचायला समोर उभे राहावे लागते. हवामानाचा नकाशा तर कधी कधी नुसत्या संगीतावर येऊन जातो. एकही शब्द उच्चारला जात नाही. पाठ करून काम करणाऱ्या माणसासाठी ती बातमी दिलीच गेलेली नसते.

वादळाच्या दिवशी हे फार प्रकर्षाने जाणवते. इंग्लंडच्या दक्षिण भागात १५ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री मोठे वादळ आले, १८ माणसे दगावली आणि सुमारे दीड कोटी झाडे पडली. लंडनमध्येही वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वेळी लोकांना बातमीची सर्वांत जास्त गरज होती त्याच वेळी, बीबीसीला मुलांच्या कार्यक्रमांच्या निवेदनासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्याशा जागेतून बातम्या द्याव्या लागल्या. आदल्या दिवशीचा अंदाज या तीव्रतेचा नव्हता आणि हवामान खात्यावर प्रचंड टीका झाली.

आपल्या किनाऱ्याने ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे चक्रीवादळ पाहिले. कित्येक मच्छीमार तेव्हा आधीच खोल समुद्रात होते आणि त्यांपैकी अनेक जण परतले नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ आले तेव्हा परिस्थिती वेगळी होती. हवामान खात्याचे इशारे आधीपासून मिळत होते आणि बंदरात वादळाच्या धोक्याचा बावटा चढला होता. त्या सकाळी आमच्या घरी सगळे बातम्यांसमोर होते. वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात माडपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि कित्येक गावांत ती वीज यायला अनेक आठवडे लागले. दुपारनंतर वादळ कुठे सरकले, हे आम्हाला शेजारच्या घरातील सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरने सांगितले.

म्हणून मराठी वाहिन्यांकडे आणि दूरदर्शनकडे माझे एक साधे मागणे आहे. महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटरचा आहे आणि ‘कोकणात पावसाची शक्यता’ या एका वाक्यात तो मावत नाही. पालघर, मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांचा अंदाज वेगवेगळा सांगावा. कुलाब्याचे हवामान केंद्र रंगांचे इशारे देते आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांची उंची, वारा व समुद्राची स्थिती यांचे अंदाज रोज प्रसिद्ध करते. म्हणजे माहिती तयार आहे, ती फक्त उच्चारायची आहे. वारा कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहणार, लाट किती उंच, भरती कधी, बावटा कितवा, एवढे माणसाच्या आवाजात, सावकाश वाचले तर दोन मिनिटे पुरतात. पहाटे पाच ते आठ या वेळेत दर वीस मिनिटांनी ते पुन्हा वाचावे, म्हणजे रात्रीच्या पाण्यावरून परतलेल्यालाही ते मिळेल आणि उजाडल्यावर निघणाऱ्यालाही मिळेल.