झिंग्याच्या टाक्या : रोवणीपासून आतापर्यंतची प्रगती

मंडळी, बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून झिंग्यांचा (म्हणजे कोळंबीचा) अपडेट टाकतोय. धानाची रोवणी (लावणी) आटोपल्यावर सुरू केलं होतं, आता धान कापणीला आलाय. सध्या दोन टाक्या गोड्या पाण्याच्या आणि एक टब खाऱ्या पाण्याचा असं चालू आहे. मोठी बातमी टबातलीच आहे, पण आधी गोड्या पाण्याचं सांगतो कारण त्याशिवाय टबाची गंमत कळणार नाही.

दोन्ही टाक्या अगदी सारख्या लावल्या. तळाला रेती न् थोडा बोडीतला (छोट्या तळ्यातला) गाळ, वरून उंबर, आंबा न् जंगली बदामाची वाळलेली पानं. एकीत आपल्या बोडीतले बारके पारदर्शक झिंगे सोडले, दुसरीत एकही नाही. बाहेरून खायला काहीच टाकत नाही. आता फरक असा की झिंगेवाल्या टाकीत पानांच्या नुसत्या शिरा राहिल्यात, पाणी नितळ आहे आणि काचेवरचं शेवाळ सुद्धा चाटून साफ. दुसरीत पानं जशीच्या तशी चिकट होऊन पडलीत, खाली काळा थर धरलाय आणि ढवळलं की सडका वास येते.

झिंगा पान खाते असं आपण म्हणतो, पण खरं जेवण पानावर वाढलेल्या बुरशीचं न् जिवाणूंचं असते. पानात नुसता चोथा, बुरशी बसली की मग त्यात प्रोटीन येते. झिंगा ते कुरतडते, पान बारीक होते, बारीक तुकड्यावर अजून जिवाणू बसतात, आणि त्याच्या विष्ठेवर सुद्धा पुढचे बारके जीव जगतात. भिंग घेऊन बसलो की तास कसा जाते कळत नाही, पुढचे बारीक चिमटे एकसारखे चालू, उचल न् तोंडात, उचल न् तोंडात.

हेच काम समुद्राकाठी खारफुटीच्या जंगलात केवढ्या मोठ्या प्रमाणावर चालते बघा. खारफुटीची पानं चिखलात पडतात, सडतात, आणि कोळंबीची पिल्लं, खेकडे, गोगलगायी ती फोडून खातात. त्या पिल्लांना मासे खातात, पक्षी खातात. टायगर कोळंबी खोल पाण्यात अंडी सोडते, पण तिची पिल्लं वाढायला खाडीतच येतात, कारण तिथं खाणं न् लपायला जागा दोन्ही. दिवसा ती चिखलात गाडून घेतात, त्यामुळं चिखल वरखाली होते न् आत हवा जाते. म्हणजे खारफुटी तोडली की नुसती झाडं जात नाहीत, पुढच्या हंगामाची कोळंबी जाते.

आणि आपल्या आठवडी बाजारात सुकटवाल्या बाईकडे जो जवळा भेटते ना, तो पण याच साखळीतला. दोन-तीन सेंटिमीटरचा जीव, पण थवे एवढे मोठे की मुंबईकडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात (भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) टनानं येते. तो प्लवक (पाण्यात तरंगणारे बारके जीव) न् कुजकट खाते आणि त्याला बोंबील खाते. बोंबलाच्या पोटात बघितलं तर बहुतेक वेळा जवळाच सापडते. मला तर वाटते समुद्रातल्या मोठ्या माशांपेक्षा या बारक्यावर जास्त लिहिलं पाहिजे, सगळा भार यानंच पेललाय.

आता टब. आपल्याकडे तलावात मोठ्या झिंग्याचं, म्हणजे स्कॅम्पीचं, बीज सोडतात. ते तलावात वाढते, अंडी पण धरते, पण पिल्लं कधीच जगत नाहीत. कारण मोठा झिंगा राहते गोड्या पाण्यात न् त्याच्या पिल्लांना लागते मचूळ पाणी. नदीत मादी अंडी पोटाखाली घेऊन खाली खाडीकडे जाते. हे कोडं शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञांनी १९६१ च्या सुमारास मलेशियात सोडवलं, त्याच्याआधी पिल्लं गोड्या पाण्यात ठेवून मरतच होती.

तलावावरच्या काकाजींनी एक अंडेवाली मादी दिली. म्हणाले, "बाबू, खायची सोडून हे पोसतं काहून?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच बघायला आले. अंडी आधी नारिंगी होती, मग राखाडी झाली, न् एका रात्री फुटली. पिल्लं उलटी, पोट वर न् शेपूट पुढं करून पोहतात, काकाजी तर हटतच नव्हते टबापासून.

टबातलं पाणी १२ पीपीटी ठेवलंय, म्हणजे लिटरला अंदाजे १२ ग्रॅम मीठ. मीठ समुद्री अ‍ॅक्वेरियमचंच घ्या, घरच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसते. तापमान २८ ते ३१, जे आपल्याकडे हीटरशिवाय भेटून गेलं. एअर पंप बॅटरीवाला, लाइन जाते म्हणून. पहिल्या अवस्थेत पिल्लं काही खात नाहीत, दुसरीत डोळ्याला देठ फुटते आणि तिथून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारके जिवंत जीव) द्यायचा. नंतर अंडं न् दूध पावडरचं कस्टर्ड बारीक चाळून. तळ साफ करायचा असला की एका कोपऱ्यात टॉर्च धरायचा, सगळी पिल्लं उजेडाकडे जातात, दुसऱ्या कोपऱ्यातून नळीनं घाण ओढायची.

पिल्लाच्या एकूण ११ अवस्था असतात. खूप पिल्लं गेली, हे हॅचरीत (बीज तयार करायच्या केंद्रात) पण होते, पण परवा भिंगातून डोक्यावरच्या सोंडेच्या वरच्या कडेला दात फुटलेली दिसली आणि काल काही पिल्लं तळाला बसून चालत होती, सरळ, डोकं पुढं करून. म्हणजे पोस्ट लार्वा झाली, मोठ्या झिंग्यासारखी दिसणारी पिल्लं! भाऊ, वैनगंगेच्या काठी, समुद्र एवढ्या लांब, आणि माझ्या पडवीत खाडीचं काम झालं, काय सांगू.

तसं बघितलं तर नदीनं समुद्राशी जोडलेलोच आहोत. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, आणि गोदावरीच्या मुखाशी काकीनाड्याजवळ कोरिंगाची खारफुटी आहे. पण वाटेत बांधच बांध. गोदावरीवर धवळेश्वरमला तर १८५२ पासूनच बंधारा आहे. बांधात मादीला खाली न् पिल्लांना वर जायची वाट असायला पाहिजे, नाहीतर झिंग्याचं जगणं हॅचरीच्या भरवशावरच राहते.

आता पाणी रोज थोडं थोडं गोडं करत नेणार, एकदम नाही. एकमेकांना खातात म्हणून टबात जाळीचे तुकडे न् कौलाचे तुकडे टाकून ठेवलेत. जगलेली अर्धी काकाजींच्या तलावात आणि उरलेली पानांच्या टाकीत वेगळ्या कप्प्यात, बघू मोठा झिंगा पानं किती लवकर संपवते ते. कोणाकडे जुना रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन) पडून असला तर सांगा, भंडारा-गोंदियात कुठंही येऊन घेऊन जातो.