थाळनेर : तापीकाठी उभी असलेली फारुकींची पहिली राजधानी

फारुकी राजांचे नाव निघाले की बुऱ्हाणपूर आणि अशीरगड आठवतात. परंतु या घराण्याचा आरंभ शिरपूर तालुक्यातील थाळनेर येथे झाला, हे खुद्द खानदेशातही फारसे कोणी सांगत नाही. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये मलिक राजा यास थाळनेर आणि करवंद यांची जहागीर दिली, आणि पुढे त्यातूनच खानदेशाचे स्वतंत्र राज्य उभे राहिले.

डिसेंबरातील एका सकाळी शिरपूरहून कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याने आम्ही गावात पोहोचलो. किल्ल्याची वाट दाखवणाऱ्या आजोबांनी ‘जपीसन जाजा, भाऊ’ असे बजावले, ते योग्यच होते, कारण नदीकडील कडा ढासळत चालली आहे आणि मातीत रुतलेल्या विटा पायाखाली सहज सुटतात. एका बाजूस तापी आणि उरलेल्या बाजूंना खोल घळ, अशी ही जागा पाहिली की दरवाजा पूर्वेलाच का होता, हे न सांगता कळते.

याच दरवाजात 27 फेब्रुवारी 1818 रोजी रक्त सांडले. मंदसौरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला होता, तरी किल्लेदार तुळशीराम याने किल्ला सोडला नाही. शरणागतीची बोलणी चालू असताना आतल्या दरवाजापाशी झटापट होऊन दोन इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर सर थॉमस हिस्लॉपच्या सैन्याने आतील शिबंदी कापून काढली आणि किल्लेदारास फाशी दिले. त्या मृतांच्या नावे तेथे एक साधा फलकही दिसला नाही, याची खंत वाटते.

गावाच्या कडेला असलेल्या फारुकींच्या कबरींसाठी मात्र सवड ठेवावी. मलिक राजा 1399 मध्ये वारला, तो येथेच विसावला आहे. अष्टकोनी घुमटीच्या भिंतींवरील दगडी कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसते.

रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत-भुसावळ मार्गावरील नरडाणा येथे उतरून शिरपूर गाठावे. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात किल्ल्यावर थांबवत नाही. पाणी सोबत घ्यावे, पायात बूट असावेत, मुलांना कड्यापासून दूर ठेवावे आणि जेवणासाठी शिरपूरला परतावे. हिवाळ्यात तेथे भरताची वांगी असतात.