गार झाल्यावर ब्रेक परत आले, म्हणून गाडी सोडा म्हणत होते

आमचं गॅरेज वाईत, पसरणी घाट उतरला की लगेच. त्यामुळे सीझनला पाचगणी महाबळेश्वरहून उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचा वास आम्हाला रोजचाच, शनिवार रविवार तर विचारूच नका. पण मागच्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत आलेली एक गाडी अजून डोक्यातनं जात नाही.

दुपारी तीनच्या सुमारास एक पांढरी हॅचबॅक हॅन्डब्रेक ओढत ओढत, अक्षरशः रांगत गॅरेजच्या दारात आली. डाव्या पुढच्या चाकातनं धूर येत होता. एक काका चालवत होते, शेजारी काकू, मागं सून आणि दोन पोरं. काका घामाघूम, म्हणाले शेवटच्या दोन वळणांवर पॅडल पार खाली गेलं, काहीच लागेना, मग पहिला गिअर टाकला आणि हॅन्डब्रेक ओढला. एकदम न ओढता हळूहळू ओढला हे त्यांनी चांगलं केलं, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी झाली असती.

उतरल्या उतरल्या त्यांनी बिसलेरीची बाटली उघडली चाकावर ओतायला. मी ओरडलोच, काका थांबा! तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी तबकडीवर, गार पाणी पडलं की ती वाकते, कधी तडापण जाते, आणि मग प्रत्येक ब्रेकला पॅडल पायाखाली थरथरतं.

तर गाडी सावलीत उभी केली, चहा सांगितला, पोरं खेळायला लागली. तासाभराने काकांनी आत बसून पॅडल दाबून बघितलं, तर एकदम कडक! नव्यासारखं. चक्कर मारून आले, ब्रेक मस्त लागतायत. झालं, काका म्हणाले किती द्यायचे, आम्हाला अंधाराच्या आत पुण्यात पोचायचंय.

खरी भीती मला इथं वाटते. ब्रेक फेल होऊन गाडी बंद पडली तर माणूस टोइंग बोलावतो, पण गार झाल्यावर आपोआप बरा होणारा ब्रेक माणसाला फसवतो. मी म्हटलं काका पैसे नकोत, फक्त दहा मिनिटं द्या, चाक खोलून दाखवतो मग तुम्ही ठरवा. काका चिडले, त्यांना वाटलं गिऱ्हाईक कापायला बसलाय. ते म्हणाले पॅड मी स्वतः बघितलेत, अलॉय व्हीलच्या फटीतनं दिसतात की, चांगले जाड आहेत.

काका खोटं बोलत नव्हते, बाहेरचा पॅड चांगला सहा मिलिमीटर होता. पण डिस्कला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारे पॅड दोन असतात, एक बाहेर, एक आत. कॅलिपर, म्हणजे हे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, काढला आणि आतला पॅड त्यांच्या हातात दिला, त्याला मटेरियल नावालासुद्धा नव्हतं, नुसती लोखंडी पट्टी, आणि डिस्कला आतल्या बाजूनं नांगरल्यासारख्या चरा पडलेल्या, कडेनं निळसर झाक आलेली. काका गप्पच झाले.

कारण काय तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक जाम. तिच्यावरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटलेलं, पावसाचं पाणी आत जाऊन गंज धरलेला. कॅलिपर सरकला नाही की पिस्टनच्या (ऑइलच्या दाबानं पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा म्हणजे आतला पॅड एकटाच झिजतो, आणि पाय काढला तरी पुरता सुटत नाही, घासत राहतो, तापत राहतो. ती उष्णता गेली ब्रेक ऑइलला. ब्रेक ऑइल हवेतनं ओलावा पितं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना साधारण २०५ डिग्रीला उकळतं, ओलावा धरल्यावर तेच १४० च्या आसपास उकळायला लागतं. ऑइलमधला ओलावा दाखवणारं टेस्टर पेन बुडवलं तर सरळ लाल दिवा. घाटात ते उकळलं, पाइपात वाफ झाली, वाफ दाबली जाते म्हणून पॅडल खाली गेलं. गार झालं, वाफेचं परत पाणी, पॅडल कडक. पुढच्या घाटात परत तेच होणार होतं, आणि पुण्याच्या वाटेवर खंबाटकी होताच.

मग मी खोदून विचारायला लागलो, आधी काही जाणवलं नाही का? तेव्हा काकूंनी तोंड उघडलं. म्हणाल्या मी महिनाभर सांगतेय चिरचिर आवाज येतोय, तर हे म्हणतात पावसाचा गंज आहे. आता यात काकांचंही अगदीच चुकत नव्हतं, रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज येतो आणि सकाळी खरखरते, पण ते पहिल्या दोन चार ब्रेकला जातं. दिवसभर राहिला तर तो गंज नव्हे, पॅडवरची छोटी पत्री डिस्कला घासून सांगत असते की मी संपलो. सून म्हणाली, ब्रेक मारला की गाडी थोडी एका बाजूला ओढायची पण.

आणि सगळ्यात भारी गोष्ट पुढंच. काका म्हणाले हॅन्डब्रेकचा लाल दिवा मधेमधे लागायचा, एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी ब्रेक ऑइल कमी आहे म्हणून वरून भरून दिलं, दिवा गेला. अहो, बऱ्याच गाड्यांत हॅन्डब्रेक आणि ऑइल लेव्हल दोन्हीला तो एकच दिवा असतो! पॅड झिजला की पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागं ऑइल भरतं म्हणून वर डब्यात कमी दिसतं. लीक नसेल तर कमी ऑइल म्हणजे पॅड बघा असा निरोप असतो. इथं निरोप आणणाऱ्यालाच गप्प केलं. मी नवीन पॅड बसवायला पिस्टन मागं दाबायच्या आधी डब्यातलं जादाचं काढून घेतलं, नाहीतर ते वरून सांडलं असतं आणि बॉनेटखालचा रंग खाल्ला असता.

डिस्क मिनिमम जाडीच्या खाली गेलेली, म्हणजे लेथवर घासून सपाट करायचा प्रश्नच नाही. पोराला बाइकवर साताऱ्याला पिटाळलं, डिस्कची जोडी आणि पॅडचा सेट आणला, एकाच बाजूचा बदलला तर गाडी ओढते. पिना नवीन, त्याला ब्रेकचंच ग्रीस, साधं लावलं की रबर फुगतं. चारही चाकांचं ऑइल बदलून पाइपातली हवा काढली. मंडळी वाईतच मुक्कामाला राहिली, पोरांनी सकाळी गणपती घाट बघून घेतला.

सकाळी काकांनाच चालवायला बसवून घाटात वर नेलं आणि सेकंड गिअरवर खाली आणलं, पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही, दाबायचं आणि सोडायचं. पहिले दोनतीनशे किलोमीटर उगाच कचकन ब्रेक मारू नका म्हणून सांगितलं. बिल काकांनी काही न बोलता दिलं. काकूंनी मात्र तो झिजलेला पॅड पेपरात गुंडाळून मागून घेतला, ऑइल भरून देणाऱ्याला दाखवायचाय म्हणाल्या.