प्रोखोरोव्काचा निकाल: विकिपीडियावरील एका वादातून जाताना

इंग्रजी विकिपीडियावर लढाईच्या जवळजवळ प्रत्येक लेखाला माहितीचौकट असते. तारीख, ठिकाण, सेनापती, सैन्यबळ आणि हानी यांच्यासोबत तिच्यात ‘निकाल’ असा एक रकाना असतो. लेखाचा मजकूर न वाचणारा वाचकही हा रकाना वाचतोच. त्यामुळे लष्करी इतिहासावरील कडवट वाद पुष्कळदा याच जागी पेटतात. दुसऱ्या महायुद्धातील प्रोखोरोव्काच्या रणगाडा लढाईवरील मजकुरावर काम करताना मी अशाच एका वादातून गेले. त्या प्रक्रियेचा कोणता टप्पा उपयोगी पडला आणि कोणता नाही, हे येथे नोंदवत आहे. नव्या संपादकाला नियमांची पाने सहज सापडतात, पण ते नियम प्रत्यक्ष पुराव्याला कसे लावायचे हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आधी लढाईविषयी. 5 जुलै 1943 रोजी जर्मन सैन्याने कुर्स्कच्या फुगवट्यावर, म्हणजे रशियातील कुर्स्क शहराभोवती जर्मन बाजूत शिरलेल्या सोव्हिएत आघाडीच्या भागावर, उत्तर आणि दक्षिण अशा दोन बाजूंनी हल्ला चढवला. दक्षिणेकडून पुढे सरकणाऱ्या दुसऱ्या एसएस पँझर कोअरवर (नाझी पक्षाच्या एसएस संघटनेच्या रणगाडा डिव्हिजनांच्या दलावर) 12 जुलै रोजी प्रोखोरोव्काजवळ पावेल रोत्मिस्त्रोव यांच्या पाचव्या गार्ड्‌स रणगाडा सेनेने प्रतिहल्ला केला. सोव्हिएत काळातील प्रचलित वर्णनानुसार येथे सुमारे 1,200 रणगाडे एकमेकांना भिडले, जर्मनांचे साडेतीनशे ते चारशे रणगाडे नष्ट झाले आणि जर्मन चिलखती दलाचा कणा याच मैदानात मोडला. जर्मन तुकड्यांचे दैनंदिन अहवाल आणि 1991 नंतर खुली होत गेलेली रशियन कागदपत्रे यांतून उभे राहिलेले चित्र फार वेगळे आहे. त्या कोअरकडे रणगाडे आणि असॉल्ट गन (फिरता बुरूज नसलेल्या चिलखती तोफगाड्या) मिळून तीनशेच्या आसपासच वाहने होती, त्यांत टायगर हे जड रणगाडे पंधराएक होते आणि नवे पँथर रणगाडे तर या मैदानावर नव्हतेच. रोत्मिस्त्रोव यांच्या सेनेची हानी मात्र इतकी मोठी होती की तिच्या चौकशीसाठी स्टालिनने आपले निकटचे सहकारी मालेन्कोव यांच्या नेतृत्वाखाली आयोग पाठवला.

मी या मजकुराकडे वळले तेव्हा निकालाच्या रकान्यात ‘निर्णायक सोव्हिएत विजय’ आणि ‘जर्मन डावपेचात्मक (टॅक्टिकल) विजय’ यांची अदलाबदल चालू होती. एका लेखावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा इतरांचे संपादन उलटवू नये, असा विकिपीडियाचा नियम आहे. तो मोडणार नाही एवढ्या अंतराने दोन्ही बाजू तेच ते करत होत्या. अखेर एका प्रचालकाने (विशेष अधिकार असलेल्या सदस्याने) पान काही काळासाठी सुरक्षित केले, म्हणजे संपादनासाठी बंद केले, आणि सर्वांना लेखाच्या चर्चा पानावर यावे लागले. सुरक्षित झालेल्या पानावर आपल्याला न पटणारा मजकूर राहिला तर मन कडू होते. पण ती सुरक्षितता त्या मजकुराला मान्यता देत नाही, ती केवळ भांडण थांबवते, आणि आमच्या बाबतीत ती आवश्यक होती.

चर्चा पानावर सुरुवातीला ज्याने त्याने आपापले आकडे मांडले आणि समोरच्याला पक्षपाती ठरवले. मला सर्वाधिक वेळ लागला तो हे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्याजोगे करण्यात. जर्मन अहवालांत ‘पूर्ण नष्ट’ म्हणून नोंदलेले रणगाडे वेगळे होते आणि दुरुस्तीला पाठवलेले वेगळे. 12 जुलैच्या रात्री रणांगणाचा मोठा भाग जर्मनांच्या ताब्यात होता, त्यामुळे त्यांना आपली निकामी वाहने ओढून नेता आली आणि सोव्हिएत बाजूची निकामी वाहने सुरुंग लावून उडवताही आली. म्हणून जर्मनांचे पूर्ण नष्ट झालेले रणगाडे अगदी थोडे दिसतात, तर आघात होऊन लढाईबाहेर गेलेले कित्येक पटींनी अधिक दिसतात. एकीकडचे ‘पूर्ण नष्ट’ आणि दुसरीकडचे ‘नष्ट व निकामी एकत्र’ शेजारी ठेवले, तर प्रत्येक आकड्याला संदर्भ असूनही तुलना खोटी ठरते. कालावधीचेही तसेच आहे. कोणी फक्त 12 जुलै मोजतो, कोणी 16 जुलैपर्यंतचे दिवस मोजतो, तर कोणी शेजारच्या तिसऱ्या पँझर कोअरची हानीही त्यात धरतो. मी चर्चा पानावर एक तक्ता टाकला आणि त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या तुकडीचा, कोणत्या तारखांचा आणि कोणत्या प्रकारच्या हानीचा आहे एवढेच लिहिले. त्यानंतर निम्मे आकडे वादातून आपोआप बाहेर पडले, कारण ते परस्परविरोधी नव्हतेच.

खरा वाद संदर्भांचा होता, आणि त्याविषयी मला तीव्रतेने काही वाटते. रोत्मिस्त्रोव यांच्या आठवणी हा पराक्रमाचा आणि प्रतिष्ठेचा दस्तऐवज आहे. त्यांतील शत्रूहानीचे आकडे आज गंभीर इतिहासकार स्वीकारत नाहीत. परंतु त्यांना बाजूला सारणारे काही संपादक तितक्याच निःशंकपणे जर्मन सेनापतींच्या आठवणी आणि एसएस डिव्हिजनच्या माजी सैनिकांनी स्वतःच लिहिलेले इतिहास पुढे करत होते. युद्धानंतर जर्मन भूदलाचे माजी प्रमुख सेनाधिकारी फ्रान्झ हाल्डर यांच्या देखरेखीखाली शेकडो माजी जर्मन अधिकाऱ्यांनी अमेरिकी लष्करासाठी टिपणे लिहिली. कुर्स्कच्या दक्षिण बाजूचे जर्मन सेनापती मानस्टाइन यांचे आत्मकथन 1955 मध्ये आले आणि हातातोंडाशी आलेला विजय हिटलरने घालवला हे त्यांचे म्हणणे पाश्चात्त्य वाचकांत रुजले. सोव्हिएत अभिलेखागारे बंद असल्यामुळे पूर्व आघाडीचे हे एकतर्फी कथन कित्येक दशके जवळपास अबाधित राहिले. त्यात लाइबश्टान्डार्ट किंवा टोटेनकॉप्फसारख्या एसएस डिव्हिजन केवळ कुशल योद्ध्यांच्या तुकड्या म्हणून येतात आणि त्यांचे युद्धगुन्हे पानाबाहेर राहतात. हे प्रश्न एका लेखापुरते नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्यावरील लेखांचा वाद 2018 मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीपुढे, म्हणजे सदस्यांतील वादांवर अंतिम निर्णय देणाऱ्या समितीपुढे, गेला होता.

चर्चेत एका सदस्याने सुचवले की तटस्थ राहायचे तर दोन्ही बाजूंच्या दाव्यांना समान जागा द्यावी. हा प्रस्ताव समंजस वाटतो आणि म्हणूनच तो सर्वांत घातक होता. विकिपीडियाचे तटस्थतेचे धोरण दोन दाव्यांच्या मध्यावर उभे राहायला सांगत नाही. विश्वासार्ह, स्वतंत्र अभ्यासात ज्या मताला जितके वजन आहे तितके लेखात द्यावे, असे ते सांगते. नष्ट जर्मन रणगाड्यांचा एका बाजूचा आकडा चारशे आणि दुसऱ्या बाजूचा पाच असताना त्यांची सरासरी काढली तर कोणत्याही कागदपत्रात नसलेला तिसराच आकडा हाती येतो. त्यामुळे मी दोन प्रकारचे लेखन मध्यभागी ठेवावे असा आग्रह धरला. एक म्हणजे जर्मन कागदपत्रांवर काम करणाऱ्या कार्ल-हाइन्झ फ्रीझर यांच्यासारख्या व्यावसायिक इतिहासकारांचे, आणि दुसरे म्हणजे सोव्हिएत सैन्याचे मूळ अहवाल तपासणाऱ्या वालेरी झामुलिन यांचे. रशियन इतिहासकार सोव्हिएत मिथक तपासतो आणि जर्मन इतिहासकार जर्मन सेनापतींच्या बचावाला छेद देतो, याची नोंद मी मुद्दाम केली. लेखकाच्या राष्ट्रीयत्वावरून त्याचे वजन ठरवण्याची जी सवय त्या चर्चेत शिरली होती, तिला हे ठोस उत्तर होते.

वाद सोडवण्याच्या औपचारिक मार्गांपैकी ‘तिसरे मत’ (वादाबाहेरच्या एका सदस्याचे मत मागवणे) आम्हाला लागू पडले नाही, कारण ती सोय दोनच सदस्यांतील मतभेदासाठी आहे. संदर्भांची विश्वासार्हता तपासणाऱ्या फलकावर मी एका डिव्हिजनच्या माजी सैनिकाने लिहिलेल्या इतिहासाविषयी विचारणा केली. तुकडीच्या हालचालींसाठी तो जपून वापरता येईल, शत्रूच्या हानीसाठी नको, असे मत तेथे मिळाले. अख्खे पुस्तक चांगले की वाईट असे न विचारता, ते कोणत्या विधानासाठी वापरायचे आहे हे विचारल्यामुळेच असे नेमके उत्तर आले, असे मला वाटते.

त्यानंतर आम्ही व्यापक समुदायाचे मत मागवणारी चर्चा सुरू केली. ती साधारणपणे 30 दिवस चालते आणि शेवटी वादात नसलेला सदस्य तिचा निष्कर्ष लिहितो. मतांची मोजणी करून निर्णय होत नाही. युक्तिवाद धोरणाला आणि संदर्भांना किती धरून आहेत हे पाहिले जाते. येथे प्रश्नाच्या शब्दरचनेवर आमची बरीच खटपट झाली. ‘सोव्हिएत विजय हा शब्दप्रयोग काढावा का?’ असा प्रश्न उत्तर सुचवतो. म्हणून ‘निकालाच्या रकान्यात काय असावे?’ एवढाच प्रश्न ठेवून त्याखाली पर्याय दिले आणि स्वतःची मते वेगळ्या परिच्छेदात लिहिली. आपल्या बाजूच्या ओळखीच्या सदस्यांना निवडून बोलावणे हे नियमाविरुद्ध आहे. त्यामुळे सूचना लष्करी इतिहास प्रकल्पाच्या सामाईक चर्चा पानावर, सर्वांना दिसेल अशी दिली.

माहितीचौकटीच्या मार्गदर्शक सूचनांचा या चर्चेत फार उपयोग झाला. ‘निर्णायक’, ‘डावपेचात्मक’ यांसारखी विशेषणे त्या रकान्यात लिहू नयेत, आणि साध्या शब्दांत निकाल मावत नसेल तर वाचकाला लेखातील संबंधित विभागाकडे पाठवावे, असे त्या सांगतात. प्रोखोरोव्काला हे अगदी लागू होते. सोव्हिएत प्रतिहल्ल्याला समोरच्या कोअरचा नाश करता आला नाही आणि त्याची किंमत भयंकर होती. पण जर्मनांनाही सोव्हिएत संरक्षण फोडून पुढे जाता आले नाही. त्याच 12 जुलैला फुगवट्याच्या उत्तरेकडील ओरेल शहराच्या दिशेने सोव्हिएत प्रतिआक्रमण सुरू झाले होते, 10 जुलैला मित्रराष्ट्रे सिसिलीत उतरली होती, आणि 13 जुलैला हिटलरने मोहीम थांबवण्याचा निर्णय आपल्या सेनापतींना सांगितला. यांपैकी कोणत्या कारणाला किती वजन द्यायचे यावर इतिहासकारांत अजून मतभेद आहेत, आणि ते दोन शब्दांत दडपणे हाच पक्षपात ठरला असता. चर्चेचा निष्कर्ष याच दिशेने लिहिला गेला: रकान्यात परिणामांच्या विभागाचा निर्देश, आणि त्या विभागात प्रत्येक मत इतिहासकाराच्या नावासह.

मला त्या निष्कर्षापेक्षा हानीच्या रकान्यातला बदल अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथे आता प्रत्येक आकड्यापाशी तारखा आणि हानीचा प्रकार लिहिलेला आहे. त्या मैदानात मेलेल्या सोव्हिएत रणगाडा सैनिकांचा सन्मान फुगवलेल्या शत्रूहानीवर अवलंबून नाही, असे मी चर्चेत लिहिले होते आणि आजही तेच म्हणेन. हा विषय किती हळवा आहे हे 2019 मध्येही दिसले होते. एका जर्मन वृत्तपत्रातील लेखात प्रोखोरोव्काचे स्मारक पाडावे असे सुचवले गेले आणि रशियात संतापाची लाट उठली. अशा वेळी लेखाच्या पानावर एकदम गर्दी होते, आणि तारखा-प्रकारांसह लिहिलेला आकडा उलटवणे नुसत्या आकड्यापेक्षा कठीण जाते.

एक मुद्दा अजून मोकळा आहे. प्रोखोरोव्का ही इतिहासातील सर्वांत मोठी रणगाडा लढाई होती, हे वाक्य अनेक ठिकाणी आहे. परंतु जून 1941 मधील पश्चिम युक्रेनच्या दुब्नो-ब्रोदी परिसरातील लढाईत त्याहून अधिक रणगाडे होते, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या लढाया एका दिवसाच्या आणि एका मैदानाच्या नव्हत्या, म्हणून तुलना कोणत्या क्षेत्राची आणि किती दिवसांची हे आधी ठरवावे लागेल. चर्चा पानावर मी त्यासाठी नवा तक्ता सुरू केला असून, विरुद्ध बाजूने वाद घालणारा एक सदस्य त्यात रशियन भाषेतील संदर्भ भरत आहे.