गिर्येच्या सड्यावर मोजलेली कलमं
2007 सालचा जानेवारी. मी तेव्हा एका खाजगी सर्व्हेवाल्याकडे फील्डवर होतो आणि आम्हाला देवगड तालुक्यातल्या गिर्ये गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, जमीन कोणत्या वापराखाली आहे याची पाहणी करायला पाठवलं होतं. तिथे 4000 मेगावॅटचा कोळशाचा वीजप्रकल्प यायचा होता, केंद्राच्या त्या अल्ट्रा मेगा पॉवर योजनेतला, बोटीने बाहेरचा कोळसा आणायचा आणि समुद्राकाठी जाळायचा असा. गुजरातचं मुंद्रा, मध्य प्रदेशातलं सासन आणि आपलं गिर्ये ही नावं तेव्हा एकाच दमात घेतली जायची.

माझ्या हातात नकाशा, जीपीएस आणि सातबाऱ्यांचा गठ्ठा. मी मूळचा मिरजेकडचा, काळ्या रानातला माणूस, त्यामुळे सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून नोंदलेला भाग, दिसला की आमच्या डोक्यात एकच चित्र, नापीक पड. ऑफिसातून निघतानाही हेच सांगितलेलं की कातळच आहे सगळा, एका दिवसात उरकेल.

सड्यावर चढलो तर समोर मोहोर. पार विजयदुर्गाच्या बाजूपर्यंत जांभ्या कातळावर हापूसची कलमं आणि वास असा की बोलणंच सुचेना. मी दोनदा जीपीएस बघितला, गट नंबर चुकला की काय म्हणून, पण गट बरोबर होता.

मी सवयीप्रमाणे पहिल्या खोडाला चुन्याचा पट्टा मारायला गेलो तर मांगरातून, म्हणजे बागेतल्या खोपटातून, एक म्हातारे गृहस्थ धावतच आले, सत्तरीचे असतील, अंगात बंडी. "झिला, चुनो नको लावू. चुनो लावलेला झाड तोडूचा असता." मी म्हटलं तात्या, मी फक्त मोजतोय. तर म्हणाले, "मगे मोज. पण माझ्या वांगडा मोज, आणि झाडाक हात लावू नको."

मग ते माझ्या वांगडा, म्हणजे सोबत, फिरले. खिशात जांभ्याचे बारीक खडे भरून घेतले आणि प्रत्येक कलमापाशी एक खडा या खिशातून त्या खिशात. तीनेक तास लागले, कारण ते प्रत्येक झाडापाशी थांबायचे, कुठल्या साली लावलं, कुठलं वादळात फाटलं, कुठलं एक वर्ष आड करून धरतं. एका झाडापाशी बसून त्यांनी बुंध्याजवळची पालापाचोळ्याची गादी हाताने बाजूला केली आणि मला बोटं घालायला सांगितलं. वरती मऊ काळसर माती, आणि हातभर बाजूला सरकलं की सरळ उभी कापलेली कातळाची कड, सुरुंगाची गोल खाच अजून तिच्यात दिसत होती. म्हणजे ते झाड जमिनीत नव्हतंच, ते दगडात खोदलेल्या हौदात उभं होतं!

"ह्यो खड्डो माझ्या बापाशीन सुरुंग लावन फोडलो. माती आवशीन नि मी खालसून डोक्यार आणली." एका खड्ड्याला किती घमेली म्हणून विचारलं तर साठ-सत्तर म्हणाले. शिवाय पहिली काही वर्षं उन्हाळ्यात प्रत्येक कलमाला पाणी, तेही हंड्याने.

खडे भरले 214. मी फॉर्मच्या मागे गुणाकार केला, साठने जरी धरलं तरी तेरा हजार घमेल्यांच्या आसपास. आणि सातबाऱ्यावर त्या क्षेत्रासमोर पीक काही नाही, कारण पोटखराब्यावर पीक लिहीतच नाहीत. तात्यांनी विचारलं, "कागदार काय लिवलेला असा?" मी वाचून दाखवलं, पोटखराबा. ते काही बोलले नाहीत, खडे मुठीत धरून बसले, आणि मला मान वर करता येईना. कारण मी त्या दिवशी तो शब्द तसाच उतरवून परत गेलो असतो तर मोबदल्याच्या यादीत ही झाडं कुठून आली असती?

फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी मागच्या बाजूला गटवार झाडं लिहिली, वय लिहिलं, खड्ड्याचं माप लिहिलं. ऑफिसात वरिष्ठ म्हणाले नमुन्यात बसत नाही, काढून टाक. मी काढलं नाही. पुढे त्या पानाचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मला पुढच्या टप्प्याला परत पाठवलं नाही एवढं खरं.

गाव मात्र गप्प बसलं नाही. मोहोरावर राख बसली तर फळधारणा कशी होणार हा बागायतदारांचा प्रश्न, समुद्रात गरम पाणी सोडल्यावर मासळीचं काय हा मच्छीमारांचा, आणि दोन्ही प्रश्न अगदी रास्त होते. मग जागा बदलून त्याच तालुक्यात मुणग्याला न्यायचं चाललं, तिथेही विरोध झाला, आणि शेवटी गिर्येला नाही आणि मुणग्यालाही नाही. मुंद्र्याचा प्लान्ट उभा राहिला, 2 रुपये 26 पैसे युनिट दराच्या बोलीवर, आणि इंडोनेशियाने कोळशाच्या किमतीचे नियम बदलल्यावर तो दर परवडेना म्हणून वर्षानुवर्षं भांडणं चालली. तोच आयात कोळसा आपल्या सड्यावर जळायचा होता. वीज लागते हे मला मान्य आहे, मिरजेत आम्हीही भारनियमन भोगलंय, पण ज्या जागेला मोकळी म्हणून निवडलं ती मोकळी नव्हती, हे मी बोटं घालून बघितलंय.

2018 मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला त्यात देवगड होतं, तेव्हा मला पहिली आठवण तात्यांची आली.

मागच्या जानेवारीत मुद्दाम जाऊन आलो. तात्या नाहीत. मुलगा बाग बघतो, नवे खड्डे आता ब्रेकरने फोडतात, माती टेम्पोने येते. लागवडीखाली आणलेला पोटखराबा आता लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेता येतो, त्याने तसा अर्ज केलाय, पंचनामा व्हायचाय. म्हणाला काका, त्याआधी एकदा झाडं मोजून द्याल का. मांगराच्या दाराशी वाकून मी खडे गोळा केले आणि त्याला म्हटलं, चल, तू पण माझ्या वांगडा ये.