'सहा महिने उलटले' हा शेरा आणि आमचा अर्ज

बाबांना पक्षाघातानंतर वाचाघात झाला, म्हणजे अफेझिया. समोरच्याचं बोलणं बहुतेक कळायचं, पण हवा तो शब्द तोंडातून निघायचा नाही. चष्मा हवा असला की 'किल्ली' म्हणायचे. चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळायचं, मान जोरात हलवायचे आणि पुन्हा 'किल्ली'च यायची. रुग्णालय, तपासण्या, सुरुवातीची स्पीच थेरपी हे सगळं नीट पार पडलं.

गाडी अडली ती थेरपी वाढवून मागताना. अर्ज परत आला, त्यावर शेरा होता: 'सहा महिने उलटले. सुधारणा अपेक्षित नाही.' विचारायला गेले तर खिडकीपलीकडून उत्तर मिळालं, "ताई, आता आहे ते असंच राहणार. घरीच सराव करून घ्या." बाबा शेजारीच उभे होते. त्यांना बोलता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

सहा महिन्यांची ही रेघ कुणी ओढली ते मला कुणीच सांगेना. संशोधन तर उलटंच सांगतं. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतली एक चाचणी छापून आली. त्यात 156 रुग्ण होते आणि प्रत्येकाच्या पक्षाघाताला किमान सहा महिने होऊन गेले होते. तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा त्याहून जास्त थेरपी दिल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. ज्यांना थेरपीसाठी थांबवून ठेवलं होतं, त्यांच्यात त्या काळात तसा फरक दिसला नाही. मी त्याची प्रत काढून अर्जाला जोडली. मग ऐकायला मिळालं की अशा कागदासाठी फॉर्मात रकानाच नाही. त्यानंतर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, आणि दर वेळी एकच उत्तर: "विचाराधीन आहे." इकडे बाबांची थेरपी बंद.

शेवटी मार्ग काढला तो थेरपिस्टबाईंनी. 'भाषेत प्रगती' असं मोघम न लिहिता त्यांनी लिहिलं: 'फोनवर स्वतःचं नाव आणि अडचण सांगता येणे.' सोबत भाषेच्या चाचणीचे आधीचे आणि आताचे गुण. हे मोजता येतं, त्यामुळे नाकारायला कारण उरलं नाही. तुम्हीही उद्दिष्ट असंच लिहून घ्या.

किती महिने थेरपी मिळणार यापेक्षा किती तास मिळणार ते विचारा. 2022 मध्ये 25 चाचण्यांमधल्या 959 रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. एकूण भाषेत सर्वांत जास्त फायदा दिसला तो आठवड्याला दोन ते चार तास किंवा नऊ तासांहून जास्त थेरपी झालेल्यांत, आणि एकूण तास पाहिले तर 20 ते 50 तास झालेल्यांत. त्यामुळे पंधरवड्यातून एकदा अर्धा तास कुणी देऊ करत असेल तर हे आकडे पुढे ठेवा.

घरच्या सरावाबद्दलही सांगते, कारण 'घरीच करा' म्हणणारे पुढचं सांगत नाहीत. ब्रिटनमधल्या 2019 च्या मोठ्या चाचणीत संगणकावर स्वतः सराव करणाऱ्यांना सरावातले शब्द आठवू लागले, पण संभाषण त्यामुळे सुधारलं नाही. म्हणून शब्द निवडताना बाबांनाच विचारलं. तयार यादीतले प्राणी-पक्षी काढून टाकले आणि नातवंडांची नावं, औषधं, 'चष्मा' घातले. आणि ते शब्द रोज आमच्याशी बोलताना वापरायला लावले.

मंजुरी आली तेव्हा मी ते पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "बघू," ते म्हणाले, अगदी स्पष्ट.

एक राहिलंच: नकार तोंडी घेऊ नका. कारण लेखी मागा आणि प्रत्येक कागदाची तारखेसह पोच घ्या. आमची फाइल मध्येच 'सापडत नाही' झाली होती, तेव्हा ती पोचच कामी आली.