१९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक, फिरवलेली : नोंद पाचवी

१९६९ची निवडणूक वेगळी झाली असती तर, असा पर्यायी इतिहास मी लिहितोय. त्यात चिंतामणराव देशमुखांना राष्ट्रपती करायचा बेत अखेर गुंडाळला. तीन आठवडे त्यात गेले, कारण मनातून तेच हवं होतं. महाडजवळच्या नाते गावचा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारा. त्यांच्या सहीची दहाची नोट आजोबांच्या डब्यात सापडली होती. सहाव्या जॉर्जच्या चित्राची, घडीवर फाटायला आलेली. हे काम करताना ती कीबोर्डशेजारी असते. पण आकडे नोटेला भीक घालत नाहीत.

पहिल्या पसंतीची खरी मतं अशी : गिरी (अपक्ष, पण इंदिरा गांधींच्या पसंतीचे) ४,०१,५१५, संजीव रेड्डी (काँग्रेसचे अधिकृत उमेदवार) ३,१३,५४८, देशमुख (स्वतंत्र आणि जनसंघाचे) १,१२,७६९. वैध मतं ८,३६,३३७, म्हणून कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी निम्म्याहून जास्त मतं, ४,१८,१६९. तो कुणी गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. देशमुखांना शेवटपर्यंत टिकवायचं तर आधी रेड्डींना त्यांच्या खाली आणायला हवं, म्हणजे रेड्डींची लाखभर मतं उचलून देशमुखांच्या पारड्यात. खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ५७६ होतं. म्हणजे पावणेदोनशे खासदार! बरं, एवढं रेटून रेड्डी बाद झाले तरी गिरींना हवीत फक्त १६,६५४. रेड्डींना मत देणारे बहुतेक काँग्रेसवालेच. त्यातले एकोणतीस खासदार दुसऱ्या पसंतीला गिरींकडे वळले की खेळ खलास. स्वतंत्र आणि जनसंघाच्या उमेदवाराला काँग्रेसवाल्यांनी एकमुखाने उचलून धरलं, असं लिहायला माझा हात धजावला नाही.

तेव्हा फाटा, म्हणजे इतिहास जिथे वेगळं वळण घेतो ती जागा, रेड्डींवरच फोडायचा. खरा अंतिम निकाल : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. मला आधी वाटायचं की पुढची पसंतीच न लिहिलेल्या मतपत्रिकांनी रेड्डी बुडाले. हिशेब केला तर शेवटपर्यंत पोचलीच नाहीत अशी मतं १०,८३३. ती सगळीच्या सगळी रेड्डींना दिली तरी ते ४,१६,२६० वर अडकतात. माझ्या दुसऱ्या नोंदीतला अख्खा परिच्छेद त्यामुळे खोडला. मात्र गिरींकडचे तेरा खासदार रेड्डींकडे सरकवले की गिरी ४,१२,५८९ आणि रेड्डी ४,१२,९१५. कोटा कुणीच गाठत नाही, पण दोघंच उरल्यावर ज्याची मतं जास्त तो निवडून आला. फरक ३२६, म्हणजे एका खासदाराच्या मताहूनही कमी.

हे तेरा जण का वळले, यावर मी सर्वांत जास्त अडलो. काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पा रेड्डींना दुसरी पसंती मिळावी म्हणून जनसंघ आणि स्वतंत्रच्या नेत्यांना भेटले आणि इंदिरा गोटाला आयतं कोलीत मिळालं. अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्या, हे इंदिरा गोटाचं आवाहन त्यामुळेच इतकं पटलं. ती भेट झालीच नाही असं धरलं तर माझे तेरा खासदार मिळतात, पण पुढच्या फेऱ्यांत रेड्डींना मिळालेल्या ९१,८७९ मतांचा मोठा भाग जातो. एका हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने घालवलं. म्हणून आता असं ठरवलंय : भेट होते, पण मतदानाच्या दिवसापर्यंत, १६ ऑगस्टपर्यंत, बातमी फुटत नाही. त्या काळच्या दिल्लीत हे पचेल का, सांगा.

वाटेत एक घोळ केला. एक्सेलमध्ये महाराष्ट्राच्या आमदाराचं मतमूल्य १४७ येत होतं आणि एकूण बेरीज २७०ने फुगत होती. १९६१ची लोकसंख्या ३,९५,५३,७१८, आमदार २७०, भागाकार १,४६,४९५. हजाराने भागून उरलेली बाकी पाचशे किंवा जास्त असेल तरच एक वाढवायचा, आणि मी सरसकट वर ढकलणारं सूत्र लावलं होतं. बाकी ४९५! जनगणनेत आणखी १,२८२ माणसं मोजली गेली असती तर १४७ झालंच असतं. यावर एक वेगळा फाटा फोडायचा मोह होतोय, पण नको.

(‘बाबूलाल मग’ नावाच्या उमेदवाराला बरोबर ५७६ मतं आहेत. एक खासदार, की १४४ मूल्याचे तमिळनाडूचे चार आमदार? गुप्त मतदान, त्यामुळे हा चाळा कधीच संपणार नाही.)

आता निकालानंतरचा भाग. असा पर्यायी इतिहास लिहिणारे बरेच जण इथे रेड्डींच्या हातून बँकांचं राष्ट्रीयीकरण अडवतात. तारखा पाहा. १९ जुलैच्या वटहुकमावर हंगामी राष्ट्रपती म्हणून गिरींनीच सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्यानंतरचा कायदा ९ ऑगस्टचा, तेव्हा हंगामी राष्ट्रपती हिदायतुल्ला. रेड्डी येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते. खरी गंमत फेब्रुवारी १९७०मध्ये आहे. १० तारखेला सर्वोच्च न्यायालय तो कायदा रद्द करतं आणि १४ तारखेला नवा वटहुकूम सहीसाठी येतो, माझ्या टाइमलाइनमध्ये रेड्डींच्या टेबलावर. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींना बंधनकारक असल्याचं घटनेत स्पष्ट शब्दांत आलं ते १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. म्हणजे फाइल चार दिवस दाबून ठेवायला रेड्डींना जागा आहे.

सध्या तेच चार दिवस लिहितोय. दोन दिवसांचे मसुदे झाले, आणि दोन्हींत रेड्डी सही करतात. तिसऱ्यात नुसतं एक स्पष्टीकरण मागवून बघणार आहे.